दारी येणारी मांजर

नांदुरा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. प्रश्न वरवर छोटा दिसतो. पण त्यावरून त्यांच्या घरात पंधरा दिवसांपासून धुसफूस चालू आहे, म्हणून या महिन्यात आम्ही तोच घेतला आहे.

त्या लिहितात, की दोन महिन्यांपासून एक करडी मांजर रोज असरनंतर त्यांच्या छपरीत येऊन बसते. पायाला अंग घासते, मुलांच्या मांडीवर झोपते. धाकटा मुलगा आपल्या ताटातला घास तिला काढून ठेवतो. ती जानमाजवर जाऊन बसते, हे सासूबाईंना चालत नाही. धाकट्या जाऊबाई गरोदर आहेत आणि त्यांच्या माहेरून निरोप आला आहे, की घरात मांजर नको. मुलांचे अब्बा म्हणतात, ‘पोत्यात घालून पूर्णेच्या पलीकडे सोडून येतो, रोजची कटकट मिटेल.’ पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘ती आमची नाही, पण आता परकीही राहिली नाही. मी काय करू?’

भगिनी, आधी सासूबाईंची शंका घेऊ, कारण ती इबादतीची आहे.

हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी त्यांच्या सूनबाई कब्शा यांनी वजूचे पाणी ठेवले होते. तेवढ्यात मांजर आली आणि त्या पाण्याकडे वळली. अबू कतादांनी तिला हाकलले नाही. तिला नीट पिता यावे म्हणून भांडेच तिरके धरले. सूनबाई आश्चर्याने पाहू लागल्या, तेव्हा त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांचे फर्मान सांगितले, की मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकी आहे. ही रिवायत इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे, अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांतही आहे. ‘फिरणाऱ्यां’साठी तिथे जो अरबी शब्द आहे, तोच शब्द कुरआनच्या सूरह नूरमध्ये घरात सतत ये-जा करणाऱ्या माणसांसाठी आला आहे. म्हणजे मांजर बाहेरून घुसलेली घाण नव्हे, घराच्या वर्दळीतलीच एक आहे.

आपल्या भागातील बहुतेक घरे हनफी आहेत. हनफी मतानुसार दुसरे पाणी असताना मांजरीच्या उष्ट्या पाण्याने वजू करणे नापसंत आहे, पण वजू होतो. दुसरे पाणी नसेल तर नापसंतीही उरत नाही. मात्र उंदीर खाऊन लगेच तिने पाण्यात तोंड घातले, तर ते पाणी नापाक. शाफई मतात तिचे उष्टे पाणी पाकच मानले जाते. जानमाजवर तिचे केस पडले तर हनफी मतानुसार ते नापाक नाहीत, झटकून टाकावेत. तिचे मूत्र मात्र नापाक आहे, ते लागल्यास कपडा धुवावाच लागेल. तेव्हा सासूबाईंनी जानमाज घडी करून उंच ठेवावी आणि पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवावे. तरीही मनात किंतू राहिला, तर मोहल्ल्यातील इमामसाहेबांना विचारावे.

आता पोत्याचा प्रश्न. इथे आम्हाला आमच्याच घरची एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला आम्हाला आवडत नाही.

एका स्त्रीला मांजरीपायी शिक्षा झाली, ही हदीस लहानपणापासून आमच्या कानावर आहे. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ती आहे. त्या स्त्रीने मांजरीला कोंडून ठेवले. खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन किडामुंगी खाऊन पोट भरण्याची मोकळीकही दिली नाही. शेवटी मांजर मेली. आम्ही ही हदीस मुलांनाही सांगितली आहे.

आमच्याकडे एक पांढरी-काळी मांजर येत असे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अकोल्याला नात्यातले लग्न होते. निघायची घाई, गाडीची वेळ झालेली, मुलांचे कपडे, आहेराची पिशवी. सोयाबीनची पोती ठेवलेल्या कोठीचे दार ओढून कडी लावली, बाहेर कुलूप घातले आणि निघालो. दोन रात्री तिकडे राहिलो. तिसऱ्या दिवशी मगरिबच्या सुमारास परत आलो, तेव्हा कोठीतून दाराचे बिजागर कुरकुरावे तसा बारीक आवाज येत होता. कडी काढली. ती उंदरामागे आत गेली असावी. बाहेर आली ती भेलकांडत. अब्बा वजूला बसले होते. त्यांनी हातातला तोटीचा लोटा फरशीवर तिरका केला आणि ती ते सांडलेले पाणी चाटत राहिली. त्या संध्याकाळी आमच्या घरात फारसे कोणी बोलले नाही.

आम्ही तिला मुद्दाम कोंडले नव्हते. पण तिच्या भुकेला आणि तहानेला त्याचा काय उपयोग होता? ती वाचली ही अल्लाहची मेहरबानी. आमच्या शहाणपणाचा त्यात काही वाटा नव्हता.

त्यानंतर आम्ही त्या हदीसकडे पुन्हा नीट पाहिले. तिथे दोन मार्ग खुले होते. एक, तिला खायला घालणे. दुसरा, तिला मोकळे सोडणे, म्हणजे ती आपले आपण शोधून खाईल. प्रत्येक मांजर पाळलीच पाहिजे, असे दीनने आपल्यावर घातलेले नाही. मना आहे ती तिसरी गोष्ट: तिचा स्वतःचा मार्गही बंद करायचा आणि आपणही जबाबदारी घ्यायची नाही.

पोत्यात घालून नदीपलीकडे सोडणे ही तीच तिसरी गोष्ट आहे. वरून ती मोकळीक वाटते. पण मांजर आपल्या टापूवर जगते. पाणी कुठे, उंदीर कुठे, कुत्रे आले तर कोणत्या भिंतीवर चढायचे, हे सगळे तिला इथले माहीत आहे. अनोळखी शिवारात तिला यातले काहीच ठाऊक नसते, आणि तिथल्या मांजरी तिला टिकू देत नाहीत. त्यातून दोन महिने तुमच्या मुलाच्या हातचा घास खाऊन ती माणसाळली आहे. ती तिथेही माणसांजवळच जाईल, आणि सगळीच माणसे तुमच्या मुलासारखी नसतात. कायद्याची बाजूही सांगून ठेवतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, भुकेने-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे. विष घालून मारणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

मग करायचे काय? क्रमाने सांगतो.

पहिले काम, ती कोणाची आहे याची चौकशी. अंगाने भरलेली, स्वच्छ आणि माणसाला न घाबरणारी मांजर बहुधा कोणाच्या तरी घरची असते. दोन-तीन घरी जेवणारी मांजर तर प्रत्येक मोहल्ल्यात सापडते. आजूबाजूला विचारा. उत्तर मिळाले नाही, तर वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या, तिच्यावर ‘ही मांजर तुमची आहे का?’ असे लिहून खाली फोन नंबर टाका आणि मानेभोवती सैलसर गुंडाळून टोके गोंदाने चिकटवा. दोरा किंवा रबर वापरू नका, ते कशात तरी अडकून गळा आवळेल. कागद अडकला तर फाटून जातो. पट्टी पाच-सहा दिवसांत कोणी काढली, बदलली किंवा फोन केला, तर तिला घर आहे. अशा वेळी तिला खायला घालू नका. ती दुसऱ्याची आहे, आणि कदाचित तिकडे कोणी मूल तिची वाट पाहत असेल. कानही पाहा. एका कानाचे टोक सरळ रेषेत कापलेले असेल, तर तिची नसबंदी झालेली आहे. मोठ्या शहरांत मोकाट मांजरींना शस्त्रक्रियेनंतर अशी खूण करतात.

ती कोणाचीच निघाली नाही, तर घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. द्यायचे असेल तर रोज द्यायचे, नाही तर सुरूच करायचे नाही. मुलाने आज लाडाने द्यायचे आणि उद्या मोठ्यांनी चप्पल फेकायची, यात मांजरीचे हाल होतात आणि मूल भलतेच शिकते. देण्याची ऐपत किंवा सोय नसेल, तर त्यात गुनाह नाही. खाणे उघड्यावर ठेवू नका, कचऱ्याची बादली झाका, आली तर नुसता आवाज करा. चार-आठ दिवसांत ती दुसरे दार शोधेल. जिथल्या वाटा तिला माहीत आहेत तिथेच ती राहील, आणि हीच खरी मोकळीक.

द्यायचे ठरले, तर वेळ आणि जागा एकच ठेवा. छपरीचा एक कोपरा, मातीची एक वाटी खाण्याला आणि एक पाण्याला. ती जेवून गेली, की उरलेले उचलून टाका, नाही तर कुत्री आणि मुंग्या येतील. मांजर मांसाहारी प्राणी आहे. नुसत्या दूध-पोळीवर तिचे भागत नाही. मोठ्या मांजरींना गाई-म्हशीचे दूध बहुधा पचत नाही आणि त्यांना हगवण लागते. कोंबडीचे किंवा मासळीचे बिनमसाल्याचे उकडलेले तुकडे, त्यात थोडा भात, एवढे पुरते. आपल्या सालनातले मटण मात्र देऊ नका. कांदा आणि लसूण मांजरीच्या रक्तातील लाल पेशी नष्ट करतात. शिजवलेली हाडे चिरफळतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. बकरी ईदच्या दिवसांत हे घराघरात होते, तेव्हा मुलांना आधीच बजावून ठेवा. माणसाची औषधे तिला कधीही देऊ नका. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीही मांजरीचा जीव घेते. फरशीवर ओले फिनाइल असेल, तर ती पाय चाटते आणि ते विष पोटात जाते. उंदरांसाठी औषध ठेवले असेल तर जास्तच जपा, कारण विष खाल्लेला उंदीर ती खाते.

आता जाऊबाई. त्यांच्या माहेरची भीती अगदीच निराधार नाही, पण तिचा उपाय मांजरीला हाकलणे हा नव्हे. मांजरीच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी पसरू शकतो आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदा लागण झाली, तर पोटातील बाळाला धोका असतो. मांजरीला हात लावल्याने हा आजार सहसा होत नाही. विष्ठा, विष्ठा मिसळलेली माती, न धुतलेली भाजी आणि कच्चे राहिलेले मांस ही त्याची वाट आहे. विष्ठेतील परजीवी लागण करण्याजोगा होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ती रोजच्या रोज उचलून पुरावी आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. जाऊबाईंनी अंगणातल्या मातीत हात घालू नये, भाजी नीट धुवावी, मटण पूर्ण शिजवावे, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि आपल्या डॉक्टरांना घरात मांजर येते हे सांगावे. मनाला शांतता हवी असेल, तर बाळंतपण होईपर्यंत मांजर छपरीतच राहील, आतल्या खोलीत येणार नाही, असे ठरवा.

मुलांना मांजर चावली किंवा तिने ओरबाडले, तर मात्र एक क्षणही चालढकल नको. रेबीज कुत्र्यामुळेच होतो असे अनेक जण समजतात. मांजरीमुळेही तो होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. तिथे कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीच्या तारखा शून्य, ३, ७ आणि २८ वा दिवस अशा असतात. जखम खोल असेल, तर जखमेतच आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते. सगळे डोस पुरे करा. रोज प्रेमाने येणारी मांजर अचानक अंगावर धावू लागली, तिची लाळ गळू लागली किंवा तिला गिळता येईना, तर मुलांना तिच्यापासून दूर ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तिच्या अंगावर गोल, केस गेलेले चट्टे दिसले, तर तो नायटा असू शकतो. तोही मुलांना लागतो.

ती भाटी असेल, तर आणखी एक गोष्ट येणारच. मांजर जेमतेम पाच-सहा महिन्यांची झाली, की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीन वेळाही विते. एका वेताला तीन-चार पिले धरली, तर वर्षभरात तुमची छपरी पुरायची नाही, आणि मग पोते पुन्हा निघेल. त्यापेक्षा तिची नसबंदी करून घेणे बरे. अनेकांना हा मसला अडतो. फतावा आलमगिरीमध्ये मांजराच्या खच्चीकरणाबद्दल म्हटले आहे, की त्यात फायदा असेल किंवा त्रास टळत असेल तर हरकत नाही. तरी आपल्या आलिमांना विचारून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-बकऱ्यांची गर्दी असते, म्हणून मांजरीची शस्त्रक्रिया होईल का हे आधी विचारावे. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे आणि नांदुऱ्याहून थेट रेल्वे आहे, तिथेही चौकशी करता येईल. रेबीजची लस त्याच भेटीत टोचून घ्या.

शेजाऱ्यांनाही विसरू नका. तुमची मांजर त्यांची कोंबडीची पिले नेत असेल, त्यांच्या ओट्यावर घाण करत असेल, तर तुमच्या सवाबाची किंमत ते मोजत आहेत. शेजाऱ्याचा हक्क दीनमध्ये किती मोठा आहे, ते वाचकांना सांगायला नको. तुमच्या अंगणात एका कोपऱ्यात भुसभुशीत रेती टाकून ठेवा, बहुतेक मांजरी तिथेच जातात. तरीही नुकसान झाले, तर कुरकुर न करता भरून द्या.

दया करताना शुद्धही राखावी लागते. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडी गावात, शेण-स्लरी साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत मांजर पडली. तिला काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, असे करत पाच जणांचा जीव गेला. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला. आपल्या जिल्ह्यातही बायोगॅसचे खड्डे आणि पडक्या विहिरी गावोगाव आहेत. विहिरीत मांजर पडली, तर दोराला टोपली किंवा गोणपाट बांधून खाली सोडा, ती नख्या रोवून चढते. वायूच्या खड्ड्यात माणसाने उतरू नये. ११२ ला फोन करावा. आणि अशा खड्ड्यांवर आजच झाकण टाकावे.

मुलांना मांजरीची गोष्ट सांगायची असेल, तर खरी सांगा. पैगंबर (स.) यांची मुएज्जा नावाची मांजर होती आणि ती झोपली म्हणून त्यांनी अंगरख्याची बाही कापली, ही कथा फार फिरते. हदीसच्या मान्य संग्रहांत ती सापडत नाही. तिची गरजही नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) बकऱ्या चारायला जाताना मांजरीचे एक पिल्लू खेळवायला सोबत नेत, म्हणून लोक त्यांना ‘मांजरीच्या पिल्लाचे वडील’ म्हणू लागले, हे तिर्मिजीमध्ये त्यांच्याच तोंडून आले आहे. सर्वाधिक हदीस ज्यांच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचल्या, ते आपल्या मूळ नावापेक्षा या नावानेच ओळखले जातात.

भगिनी, मुलांच्या अब्बांना आमचा सलाम सांगा. त्यांना म्हणावे, कटकट खरी आहे, पण पोते बाजूला ठेवा. आठवडाभर कागदाची पट्टी लावून पाहा. मग घरात बसून ठरवा, द्यायचे की नाही. दोन्हींत अल्लाहची नाराजी नाही.

आमची पांढरी-काळी अजून येते. त्या एप्रिलनंतर आमच्या घरात एक नियम झाला आहे. कुठे गावाला निघालो आणि कुलूप हातात घेतले, की सगळ्यात धाकटी ओरडते, ‘मांजर कुठे आहे?’ मग गाडीची वेळ झाली असली तरी कोठी उघडून, पोत्यांमागे वाकून पाहिले जाते. ती बहुतेक वेळा बाहेर भिंतीवर बसलेली असते. तिच्या वाटीत पाणी भरतो, शेजारच्या काकूंना दोन दिवसांचे सांगतो आणि मग बिस्मिल्लाह म्हणून निघतो.